तांब्याच्या खेळाची चाल

“हे नको, वहिनी. पार तमाशासारखं वाटतंय,” रंगराव आण्णा म्हणाले आणि खुर्चीत मागं रेलले.

मी पेटीचा भाता सोडला. रविवारची दुपार होती. माळजाईच्या नव्या देवळासमोर मंडप घातला होता आणि नुकत्याच पुन्हा दिलेल्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. स्टेजवर आमचे हे पितळी तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले होते, फोटो काढायला थांबल्यासारखे.

“आण्णा, जादूच्या खेळाला असंच संगीत असतंय,” हे म्हणाले. “लोकांना हसवत ठेवायचं.”

“हसवायचं न्हाईच आहे, पोतदार! हात जोडायला लावायचंय.”

रंगराव आण्णा माळजाईच्या ट्रस्टचे अध्यक्ष होते. मंगळवारी देवळाला वर्ष पूर्ण होणार होतं, आणि त्या दिवशी त्यांना आमचा तांब्याचा खेळ हवा होता. अख्खा खेळ नको, नुसता तांब्या. तो गाभाऱ्याच्या दारात करायचा, जादूगाराचा कोट न घालता, सोवळं नेसून. तांब्या लोकांसमोर उपडा करून रिकामा दाखवायचा, देवीकडं तोंड करून उभं राहायचं, आणि परत ओतला की पाणी. पुन्हा रिकामा, पुन्हा पाणी. असं पाच वेळा. पाच तांबे पाणी निघालं की ते देवीचं तीर्थ म्हणून वाटायचं.

“एकदा नाव झालं की बघा,” आण्णा म्हणाले होते. “दर पौर्णिमेला इथं तुमचाच मान.”

याला आता पस्तीस वर्षं झाली. तेव्हा गावागावात व्हिडिओ आले होते. पूर्वी ज्या जत्रांमधून आम्हाला बोलवायला माणसं घरी यायची, तिथं आता पडदा लावून रात्रभर पिक्चर दाखवत. त्या वर्षी आमचे तीन खेळ झाले होते. दर पौर्णिमेला एक म्हटल्यावर ह्यांचे डोळे कसे झाले ते मी पाहिलं होतं.

मी ह्यांच्या खेळाला पेटी वाजवत असे. लग्न झालं तेव्हा माहेरून हार्मोनियम घेऊनच आले होते. खेळात माझं काम लोकांना वाटतं तेवढं साधं नव्हतं. तांब्या एकदा रिकामा दाखवला की तो परत ओतण्याजोगा व्हायला ठरावीक वेळ जावा लागतो. का जावा लागतो ते मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही. पण तो वेळ माझ्या चालीत मोजलेला होता. ओळ दोनदा वाजली, शेवटच्या स्वरावर मी जरा टेकले, की ह्यांनी ओतायचं. आधी ओतलं तर थेंब पडायचा नाही. ह्यांना घड्याळ बघता येत नसे, मोजता येत नसे, कारण तोंडानं बडबड चालू ठेवायची असे. ह्यांचं घड्याळ मीच.

“माझ्याकडं कॅसेट आहे,” आण्णा म्हणाले. “कोल्हापुरातनं आणलीय. शंख, घंटा, श्लोक, सगळं आहे. ती लावा.”

कॅसेट लावली. शंख वाजला. घंटा वाजल्या. हे गाभाऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात लाइटचा दाब कमी झाला आणि श्लोक म्हणणारा माणूस झोप आल्यासारखा म्हणू लागला. ह्यांचा अंदाज चुकला. तांब्या ओतला. कोरडा.

“देवी रुसली वाटतं,” मंडपवाल्यांतला कुणीतरी म्हणाला आणि सगळे हसले. आण्णा हसले नाहीत.

“हिलाच वाजवू दे,” हे घाईनं म्हणाले. मग माझ्याजवळ येऊन वाकले. “अगं, तुझी ती सकाळची चाल वाजव.”

“कुठली?”

“पूजेनंतर वाजवतेस ती. तेवढ्याच लांबीची आहे. मी मोजलंय.”

मी रोज सकाळी पूजा होईपर्यंत बोलत नाही. पूजा झाली, तुळशीला पाणी घातलं, एक अध्याय वाचला, की पेटी घेऊन देवासमोर एक चाल वाजवते. शब्द नाहीत तिला. आईकडून आलेली आहे. घराबाहेर ती मी कधी वाजवली नव्हती. कुणी मना केलं नव्हतं, माझं मीच ठरवलेलं होतं.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण आण्णा बघत होते, मंडपवाले बघत होते, आणि हे माझ्यासमोर असे वाकलेले की त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या पेटीवर पडला. मी वाजवली.

एकदा ओळ, दोनदा ओळ. शेवटच्या स्वरावर टेकले. ह्यांनी तांब्या तिरपा केला आणि पाण्याची धार पडली.

कुणी हसलं नाही. खांब बांधणारा माणूस दोरी हातात धरून थांबला. मी पुन्हा ओळ धरली. पुन्हा धार. तिसऱ्या वेळी मंडपाच्या कडेनं झाडत असलेली बाई खराटा टाकून पुढं आली आणि तिनं स्टेजसमोर दोन्ही हातांनी पदर पसरला.

“मला द्या त्यातलं,” ती म्हणाली. “घोटभर द्या, महाराज.”

ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी महाराज म्हटलं होतं. हे तांब्या धरून तसेच उभे.

ती फुलाबाई. देवळाची झाडलोट करायची. तिची मुलगी शालन सतरा वर्षांची, क्षयानं आजारी. सरकारी दवाखान्यातून तिला गोळ्या मिळत. हे सगळं तिनं तिथंच रडत रडत सांगितलं. “गोळ्यांनी नुस्ती वकती पोरगी. अंगात काय ऱ्हाईना. डॉक्टर म्हंतोय वरीसभर घ्याच. आता हे पाणी पाजते. गोळ्या बंद करते.”

“मंगळवारी ये शालनला घेऊन,” आण्णा खुर्चीतून उठले होते. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “सगळ्यांच्या देखत पहिलं तीर्थ तिलाच देऊ.”

“आण् गोळ्या?”

“देवीवर विश्वास ठेवायचा तर पुरा ठेवावा, फुलाबाई.”

मग ते माझ्याकडं वळले. “हेच, वहिनी! हेच वाजवायचं!”

घरी आलो. ह्यांनी लुना ओट्याला टेकवली आणि मी पेटी उतरवून घेतली.

“मी ते मंगळवारी वाजवणार नाही,” मी म्हटलं.

“का?”

“तुम्ही ऐकलं नाही का, फुलाबाई काय म्हणाली ते?”

“आपण सांगितलं का तिला गोळ्या टाक म्हणून? आण्णा बोलले. ते त्यांचं त्यांना.”

“आण्णा नुसते बोलले असते तर तिनं खराटा खाली ठेवला नसता. आधी तुडतुडी चाल वाजवली तेव्हा ती झाडतच होती. कॅसेट लावली तेव्हाही झाडत होती. मी वाजवलं तेव्हा ती आली.”

हे कोट काढून खुंटीला अडकवत होते. “बरं मग, त्यात वाईट काय? चांगलं वाजवलंस.”

“माझ्या देवाचं वाजवलं.”

“अगं, देवासमोर रोज वाजवतेस, देवीसमोर वाजवायला काय होतंय तुला? उलट पुण्य आहे.”

“देवासमोर मी काही लपवत नाही.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्या लग्नाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती, आणि मी आवाज न चढवता बोलते म्हणजे मी मनावर घेत नाही असं ह्यांना तोवर वाटत आलं होतं.

“हे बघ,” हे खाली बसले. “मला तुझी पेटी पाहिजे. कॅसेटवर होत नाही, बघितलंस तू. ऐन वेळी तांब्या कोरडा निघाला तर मेलो मी. हा खेळ गेला तर मी उद्यापासून काय करू? कुणाच्या दुकानात कापड मोजू?”

त्यांच्या तोंडावर खरंच भीती होती. त्या भीतीला मी काय म्हणणार? वीस वर्षं या माणसानं लोकांच्या नाकातून अंडी काढली, कानातून फुलं काढली, आणि प्रत्येक वेळी शेवटी हात जोडून सांगितलं, की मंडळी, ही हाताची कला आहे, यात मंत्र नाही. मला त्या वाक्याचा अभिमान होता. मंगळवारच्या खेळात ते वाक्य म्हणायचं नव्हतं. आण्णांनी तसं बजावलं होतं.

“मी वाजवीन,” मी म्हटलं. “पण काय वाजवायचं ते मी ठरवीन.”

“ठरव, ठरव. वेळ जुळली म्हणजे झालं,” हे म्हणाले आणि सुटकेनं पाणी प्यायले. मी काय बोलले ते त्यांनी ऐकलं, पण मनात घेतलं नाही.

मंगळवारी सकाळी मोरीतल्या नळाखाली कळशी धरून मी पाणी भरलं. त्यातलंच तांब्यात घातलं. ह्यांनी युक्ती बसवून घेतली.

अकराला मंडप भरला. बायका पुढं, मुलं त्यांच्याही पुढं, पुरुष मागं उभे. पहिल्या रांगेत फुलाबाई, आणि तिच्या खांद्याला टेकलेली शालन. नवं लुगडं नेसवलं होतं तिला. मला ती सतराची वाटली नाही, बाराची वाटली. मधूनमधून ती पदरात तोंड घालून खोकायची आणि फुलाबाई तिला थोपटायची, आता झालंच, थोडं थांब, अशी.

आण्णांनी माइकवरून देवीचं माहात्म्य सांगितलं. मग हे सोवळं नेसून आले. गाभाऱ्याच्या दारात उभे राहिले, तांब्या उंच धरला, उपडा केला. दोन थेंब पडले आणि बंद. हे देवीकडं वळले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी पेटीवर हात ठेवला.

सशाच्या खेळासाठी मी एक चाल बांधली होती. ससा टोपीतून बाहेर यायला कुरकूर करायचा, म्हणून ती चालही कुरकूर करायची. दोन स्वर पुढं जायचे, एक मागं यायचा, मध्येच अडखळायची, आणि शेवटी टुणकन उडी. ती ऐकली की मुलं हसतातच. लांबी मी आदल्या दिवशी जुळवून ठेवली होती, चुलीवर भात शिजत असताना, बोटांनी पाटावर.

मी ती वाजवली.

ह्यांचे खांदे ताठ झाले. पाठमोरे होते, तरी मला ते कळलं. क्षणभर वाटलं, हे तांब्या खाली ठेवतील. पण तांब्या एकदा उपडा केलेला होता आणि घड्याळ माझ्याकडं होतं. पुढं एक पोरगं फिसकन हसलं. त्याच्या आईनं त्याला चापटी मारली. मग दुसरं हसलं. मी दुसऱ्यांदा ओळ धरली, आणि टुणकन उडीला चार-पाच पोरांनी एकदम टाळी दिली. मी शेवटच्या स्वरावर टेकले. ह्यांनी ओतलं. धार पडली.

“आयला! भरला की!” पोरं ओरडली. “आणखी एकदा, आणखी एकदा!”

बायका हसायला लागल्या. मागचे पुरुष माना उंच करून तांब्याच्या बुडाकडं बघायला लागले. “हातात नळी असंल बघ,” कुणी म्हणालं. “कुठली नळी, उघडाच हाय की!” दुसरा म्हणाला. जोडलेले हात सुटले होते. सगळे डोळे बारीक करून शोधत होते, जसं जादूच्या खेळात शोधतात तसं.

दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. मी चाल सोडली नाही. आण्णा खालून मला हातानं खुणावत होते. मी त्यांच्याकडं बघत होते आणि वाजवत होते.

पाचवा तांब्या ओतून झाला तेव्हा मंडपात टाळ्या चालू होत्या. आण्णा पायऱ्या चढून वर आले आणि त्यांनी माइक धरला.

“हसू नका! हा खेळ न्हाई! हे माळजाईचं तीर्थ आहे! फुलाबाई, शालनला घेऊन पुढं या.”

टाळ्या थांबल्या. फुलाबाई उठली. तिनं शालनला काखेत धरून उठवलं.

मी पेटीपासून उठले. पेटीसाठी लावलेला दुसरा माइक ह्यांच्या बाजूला होता, खाली, बसून बोलण्याइतक्या उंचीवर. मी त्याच्यापाशी जाऊन बसले. एकोणीस वर्षांत मी कधी माइकवर बोलले नव्हते. माझाच आवाज मला कर्ण्यातून परका वाटला.

“हे पाणी मी सकाळी आमच्या मोरीतल्या नळाचं भरलंय,” मी म्हटलं. “तीर्थ नाही. उकळलेलंही नाही. आजारी माणसाला देऊ नका. फुलाबाई, शालनच्या गोळ्या चालू ठेवा.”

मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं, “मग बाई, तांब्या कसा भरतोय?”

“ते सांगायची मला परवानगी नाही,” मी म्हटलं.

लोक हसले. मोकळे हसले. आण्णांनी माइकची वायर ओढून काढली, पण हसणं काही वायरनं बंद होत नाही.

“पोतदार,” आण्णा म्हणाले, हळू पण आम्हाला ऐकू येईल असं, “बायकोला आवरता येत नसेल तर धंदा कशाला करता?”

ह्यांनी तांब्या पिशवीत ठेवला. मी गाभाऱ्यासमोर डोकं टेकलं. आण्णा दारातच उभे होते, त्यांना जरा बाजूला व्हा म्हणावं लागलं. ते झाले.

संध्याकाळी हे एवढंच म्हणाले, “धंद्याचं गुपित फोडलंस.”

“नाही फोडलं. युक्ती तुमची आहे, ती मी सांगितली नाही. पाणी मी भरलं होतं. तेवढंच सांगितलं.”

हे भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवापुढं बसले असताना दार धाडकन ढकलून फुलाबाई आत आली. माझं पूजेचं मौन होतं. ते तिला कुठलं माहीत?

“ओ बाई! काय मिळालं तुमास्नी?” ती तिथंच उभी राहून सुरू झाली. “माझ्या पोरीच्या तोंडाम्होरनं पाणी काढून घेतलंसा! रविवारपास्नं गोळ्या गटारीत टाकल्यात मी. म्हटलं, देवी देईल. आता डॉक्टर मला दारात तरी उभी करंल का? बोला की! काल माइकवर लई बोलत होता!”

मी गंध उगाळत होते. फुलं वाहिली. ती बोलत होती. निरांजन ओवाळलं. ती बोलत होती, आणि आता रडतही होती. “रातभर खोकली पोरगी. रगत पडलं. बोला की वो!” आतल्या खोलीत हे उठून बसल्याचा आवाज आला. मी मौन मोडलं नाही. पण अध्याय त्या दिवशी वाचला नाही, आणि पेटीला हात लावला नाही. नमस्कार केला आणि उठले.

“झालं बोलून?” मी म्हटलं. “चल.”

“कुठं?”

“दवाखान्यात. शालनला घेऊ वाटेत.”

“डॉक्टर वरडंल.”

“माझ्यावर ओरडू दे. कालपासून सगळे ओरडतायत, त्यात आणखी एक.”

हे दारात येऊन उभे होते. फुलाबाईकडं बघत होते. मी चपला घातल्या आणि निघाले.

डॉक्टर ओरडलेच. मध्येच गोळ्या सोडल्या की रोग जास्त हट्टी होतो, हे त्यांनी टेबलावर बोट आपटून तीनदा सांगितलं. फुलाबाई खाली मान घालून ऐकत होती. मग ते माझ्याकडं वळले.

“तुम्ही कोण हिच्या?”

“कुणी नाही. मी जादूच्या खेळात पेटी वाजवते.”

डॉक्टरांनी शालनच्या छातीला नळी लावली आणि नव्यानं कागद लिहायला घेतला. ओकारीसाठी वेगळी गोळी दिली, ती जेवणाआधी घ्यायची. इतके दिवस ते कुणी विचारलंच नव्हतं.

मी परतले तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. आमच्या ओट्यावर ट्रस्टचा कारकून बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. हे दारात, चौकटीला टेकून.

मला बघून कारकून उठला. “वहिनी, आण्णांचा निरोप आहे. झालं ते झालं, म्हणतात. पौर्णिमेला खेळ ठेवूया. फक्त तुम्ही देवळात चार माणसांसमोर सांगायचं, की काल माझ्या हातून चूक झाली. आणि त्या दिवशी रविवारची चाल वाजवायची. न्हाईतर तालुक्यात तुमचा खेळ होऊ द्यायचे न्हाईत.” मग तो ह्यांच्याकडं वळला. “पोतदार, तुम्ही सांगा की. तुमचं ऐकतील.”

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. पायाकडं पाहिलं, धुळीनं भरलेल्या. हातातल्या दवाखान्याच्या कागदाकडं पाहिलं.

“रक्त पडायचं थांबलं का?” ह्यांनी मला विचारलं.

“बघू म्हणाले. गोळ्या सुरू केल्यात.”

हे कारकुनाकडं वळले. “खेळात हात माझा असतो,” हे म्हणाले. “संगीत तिच्याकडं आहे. ते तिलाच विचारा.”

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं.

“नाही,” मी म्हटलं. “आणि बसा. चहा टाकते.”

त्यानं चहा घेतला, बशीत ओतून, घाईघाईनं, आणि गेला. आण्णा शब्दाचे पक्के निघाले. पुढची तीन वर्षं आमच्या तालुक्यात आमचा एकही खेळ झाला नाही. आम्ही पेटी लुनाला बांधून शेजारच्या तालुक्यात जात होतो.